गच्चीवरच्या टाकीतले सात कोई शेततळ्यात हलवायचे आहेत (पुणे ते वाई)

गच्ची_टाकी

नमस्कार मंडळी. पुण्यात गच्चीवर २,००० लिटरची टाकी आहे, त्यात सात कोई (शोभेचे रंगीत कार्प मासे). तीन मोठे, ४५ ते ५० सेंमी; चार मधले, ३० ते ३५ सेंमी. टाकी लहान पडतेय हे दिसतंच आहे, त्यात सोसायटी गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढतेय. जानेवारीअखेर जागा मोकळी करून द्यायची आहे.

वाईजवळ मेहुण्यांचं शेततळं आहे. वर १५ बाय १५ मीटर, खोली ३ मीटर, ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. विहिरीच्या पाण्याने भरतात, ठिबकला वापरतात. आत मासे सोडलेले नाहीत, गप्पी मात्र भरपूर आहेत, म्हणजे पाणी चांगलं असावं. अंतर साधारण ९० किमी. खंबाटकी धरून अडीच-तीन तास.

टाकीचा पीएच ७.२. शेततळ्याचा दुपारी चारला मोजला तो ८.८. अमोनिया, नायट्राइट दोन्हीकडे शून्य.

पिशवीतून न्यावेत की टबातून? लवंग तेलाने गुंगी आणून नेतात म्हणे, ते करावं का? आणि पोचल्यावर थेंब-थेंब पाणी मिसळायचं की सरळ सोडायचं? यावर प्रत्येक दुकानदार वेगळं सांगतो.

---

पाणीपारखी

आधी उपास. निघण्याच्या तीन दिवस आधी खाणं पूर्ण बंद. दया येऊन आदल्या संध्याकाळी चार दाणेसुद्धा टाकायचे नाहीत. का ते आकड्यात बघा. खाद्याच्या वजनाच्या साधारण ३ टक्के अमोनिया होऊन कल्ल्यांतून बाहेर पडतो. दीड किलोचा मासा दिवसाला १५ ग्रॅम खात असेल तर दिवसाला अर्धा ग्रॅमच्या आसपास. पिशवीत १५ लिटर पाणी धरा, तीन तासांत अमोनिया लिटरला ४ मिलिग्रॅमवर जातो. उपाशी माशाचा याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतो, आणि पिशवीत विष्ठाही पडत नाही.

उपास सुरू करताना टाकीचं तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन मारूनच. हायपोचे (सोडियम थायोसल्फेट) खडे १,००० लिटरला १० ग्रॅम. नळाला १ पीपीएम क्लोरीन येत असेल तर हे पुरून उरतं. त्यानंतर तळ ढवळणं, फिल्टर धुणं, काही नाही. निघायच्या दिवशी टाकी स्वच्छ करायला घेतली की तळातला गाळ वर येतो आणि तेच पाणी पिशवीत जातं.

पकडताना मासा पळवू नका. सगळे काढेपर्यंत पाणी दीड फुटावर आणा. काढलेलं पाणी ड्रममध्ये ठेवा, लागणार आहे. रुंद, उथळ जाळ्याने मासा फक्त वळवायचा, उचलायचा नाही. जाळ्यातून उचलला की सगळं वजन पोटावर आणि कण्यावर येतं, खवले निघतात, परांच्या काड्या जाळीत अडकून मोडतात. वळवून टबात घ्या आणि टबातून पिशवीत न्यायला दोन्ही बाजूंनी उघडा असलेला कापडी सॉक वापरा. एका टोकाने मासा आत, दोन्ही टोकं धरून पाण्यासकट उचलायचा, दुसऱ्या टोकाने पिशवीत. सॉक नसेल तर पिशवीच टबात बुडवून मासा तिच्यात पोहत जाऊ द्या. हात ओले हवेत. अंगठी, घड्याळ काढून ठेवा.

पाच पिशव्या होतील. तीन मोठे एकेकटे, चार मधले दोन-दोन. प्रत्येक पिशवी दुहेरी, म्हणजे पिशवीत पिशवी, आणि दोन्हींच्या मध्ये खालच्या कोपऱ्यांत वर्तमानपत्राची घडी. तळाचे कोपरे रबर बँडने किंवा टेपने गोल बांधून टाका, नाहीतर मधला मासा टोकात जाऊन अडकतो आणि तिथेच गुदमरतो. पाणी पाव ते तिसरा हिस्सा. आडवी केल्यावर माशाची पाठ बुडाली पाहिजे, इतकं पुरे. मोठ्याला १५ ते १८ लिटर. आतली हवा दाबून पूर्ण बाहेर काढा आणि मगच ऑक्सिजन भरा. पिळा मारा, दुमडा, तीन-चार रबर बँड. घाटात चढताना पिशवी थोडी फुगते, म्हणून भरताना दगडासारखी गच्च करू नका.

सगळ्यांत मोठा मासा शेवटी भरायचा.

पिशवी पेटीत आडवी ठेवायची, उभी नाही. आणि मासा गाडीला आडवा, म्हणजे तोंड डाव्या किंवा उजव्या दाराकडे. तोंड पुढे ठेवलंत तर प्रत्येक ब्रेकला नाक आपटतं, शेपूट मागे. थर्माकोलची पेटी, झाकण लावून अंधार. अंधारात कोई शांत बसतात. गाडीचा एसी २३-२४ वर, पेटीवर थेट झोत नको.

लवंग तेल देऊ नका. गुंगीत कल्ल्यांची हालचाल मंदावते, मासा तळाशी आडवा पडतो आणि मात्रा जरा वर गेली की बंद पिशवीत करण्यासारखं काही उरत नाही. ते डॉक्टरी कामाला, उघड्या टबात, शेजारी ताजं पाणी ठेवून वापरायचं औषध आहे. प्रवासाला उपास आणि अंधार एवढी गुंगी पुरते.

मीठ मात्र घाला. खडे मीठ, लिटरला २ ग्रॅम. १५ लिटरला ३० ग्रॅम. अंगावरचा बुळबुळीत थर पकडताना थोडा निघतोच आणि तिथून माशाच्या अंगातले क्षार गळतात, ते थोपवायला. काही दुकानदार सोबत झिओलाइटही टाकून देतात. मीठ आणि झिओलाइट एकत्र नको: मिठाच्या पाण्यात झिओलाइट धरलेला अमोनिया परत सोडतं.

---

छोटा_हत्ती

पिशव्यांना माझा विरोध आहे, निदान ५० सेंमीच्या तिघांसाठी. तीन तासांच्या रस्त्यावर टब जास्त सुखाचा. पिशवी फुटली तर तुमच्याकडे एकच मासा आणि शून्य पाणी असतं.

५०० लिटरचा उघड्या तोंडाचा गोल टब, छोटा हत्ती टेम्पो. सिंटेक्सची झाकणाची टाकी घेऊ नका, त्या भोकातून मासा बाहेर काढताना त्याची साल निघते. टब काठापासून चार बोटं खालपर्यंत भरायचा. अर्धा भरला तर वजन वाचतं असं वाटतं, पण अर्ध्या टबातलं पाणी वळणावर लाटेसारखं उसळतं आणि मासे भिंतीवर आपटतात. वर जाळी ताणून बांधायची, त्यावर ताडपत्री. सात माशांचं वजन सात-आठ किलो होईल. ५०० लिटरला ते काहीच नाही.

ऑक्सिजनला बी टाइपचा सिलिंडर. त्यात १.५ घनमीटर, म्हणजे १,५०० लिटर वायू असतो. मिनिटाला २ लिटरवर ठेवला तरी साडेबारा तास. फ्लोमीटर असलेला रेग्युलेटर आणि बारीक बुडबुड्यांचा दगड. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला. रेग्युलेटरच्या आट्यांना तेल-ग्रीस अजिबात नाही, आणि मागे बसणाऱ्याने विडी पेटवायची नाही. सिलिंडर नको असेल तर बॅटरीवरचे दोन एअर पंप. दोन, एक नाही.

---

पाणीपारखी

टब चांगलाच, नाही कोण म्हणतंय. पण ५०० किलो पाणी गच्चीवरून खाली आणणार कसं? मासे आधी बादलीतून खाली, मग टबात, म्हणजे हाताळणी एकदा वाढली. ज्याची टाकी अंगणात आहे त्याने डोळे मिटून टब घ्यावा. गच्चीवरून लिफ्टने उतरायचं असेल तर पिशवी वरच बांधून पेटीसकट खाली आणणं सुटसुटीत.

आणि फुटण्याची भीती असेल तर दोन रिकाम्या पिशव्या, रबर बँडचा पुडा आणि झाकणाची मोठी बादली गाडीत ठेवा. ऑक्सिजन संपेल ही भीती मात्र काढून टाका. ४० लिटर ऑक्सिजन म्हणजे ५० ग्रॅम. दीड किलोचा घाबरलेला मासाही तासाला अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर वापरतो. ऑक्सिजन उरतो, पाणीच आधी बिघडतं.

---

हिरवं_पाणी

सगळे गाडीतच अडकले आहेत. प्रश्न शेततळ्याचा आहे.

गप्पी आहेत म्हणून पाणी चांगलं, हा निष्कर्ष अर्धाच बरोबर. गप्पी जगत असतील तर पाण्यात कीटकनाशक नाही एवढं मानायला हरकत नाही. ऑक्सिजनबद्दल मात्र गप्पी काहीच सांगत नाहीत. ते तोंड वर करून पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्यातलं पाणी कल्ल्यांवर घेतात, त्या पापुद्र्यात हवेचा ऑक्सिजन विरघळलेला असतो. दोन किलोच्या कोईला तसं रात्रभर निभावता येत नाही.

दुपारी चारला ८.८ पीएच आला, म्हणजे पाण्यात शेवाळ जोरात आहे. दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं, पीएच चढतो. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं. म्हणून पहाटे ऑक्सिजन सगळ्यांत कमी, दुपारी पीएच सगळ्यांत जास्त. मेहुण्यांना पहाटे सहाला आणि सकाळी नऊला पुन्हा पीएच मोजायला सांगा. पहाटे ७.८ आणि दुपारी ८.८ असं निघालं तर झोका मोठा आहे. हिरवेपणा मोजायला हात पुरतो: कोपरापर्यंत हात सरळ बुडवा. तळवा पुसट दिसला तर ठीक. मनगट बुडताच तळवा दिसेनासा झाला तर तळं फार हिरवं आहे, मासे सोडायच्या आधी पाव पाणी पिकाला देऊन विहिरीचं नवीन घ्या. विहिरीचं पाणी सरळ पाइपने तळात सोडू नका, उंचावरून पत्र्यावर आपटून पडू द्या. खोल विहिरीच्या, बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन जेमतेम असतो.

सोडायची वेळ यावरून ठरते. पहाटे ऑक्सिजन नाही, दुपारी पीएच जास्त. सकाळी साडेनऊ-दहा. म्हणजे पुण्यातून साडेसहाला निघायचं.

आता तुमचा ७.२. जुन्या टाकीत फिल्टरचे जिवाणू पाण्यातला क्षार खात राहतात, म्हणून पीएच उतरतो. दोन आठवडे हातात आहेत तर टाकीच वर आणा. साधा खाण्याचा सोडा, २,००० लिटरला ६० ग्रॅम, बादलीत विरघळवून. याने केएच (पीएच धरून ठेवणारा पाण्यातला क्षार) १ अंशाने वाढतो. एक दिवसाआड असं चार-पाच वेळा. पीएच आपोआप ७.८ च्या आसपास जाऊन थांबतो. फक्त अमोनिया शून्य असतानाच हे करायचं. २५ अंशाला पीएच ७ असेल तर अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. ८ ला ५ टक्के. ९ ला ३६ टक्के. पीएच वाढवणं म्हणजे असलेल्या अमोनियाला धार लावणं.

---

गच्ची_टाकी

पहाटे आणि नऊचा पीएच मागवला. सहाला ७.९, नऊला ८.१. हात कोपरापर्यंत दिसतोय म्हणाले.

मग पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून थोडं-थोडं तळ्याचं पाणी आत घालत जायचं ना? सगळे व्हिडिओ तेच दाखवतात.

---

हिरवं_पाणी

पाच मिनिटांवरच्या दुकानातून आणलेल्या माशाला ते चालतं. तीन तास बंद राहिलेल्या पिशवीला नाही.

बंद पिशवीत मासा श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो, पाणी आंबट होतं, पीएच सात-साडेसहापर्यंत येतो. त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो; बंद पिशवी माशाला एका अर्थी सांभाळत असते. तोंड उघडलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, वर तुम्ही ८.१ चं पाणी ओतता, पीएच झरझर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. मासा त्याच पाण्यात अर्धा तास. लोकांना वाटतं आपण हळूहळू सवय लावतोय.

असं करा. घरून ड्रममधलं १०० लिटर स्वच्छ टाकीचं पाणी कॅनमध्ये भरून सोबत न्या. तळ्याच्या बांधावर सावलीत ३०० लिटरचा टब, त्यात ते १०० लिटर आणि १०० लिटर तळ्याचं पाणी, दोन एअर स्टोन चालू. पिशव्या न उघडता वीस मिनिटं या टबाच्या पाण्यात तरंगवा, तापमान जुळेल. तळ्यावर तरंगवू नका, उन्हात पिशवीचं काचघर होतं. दोन्ही तापमानं मोजा. २ अंशांच्या आत फरक आला की एक पिशवी उघडायची, मासा सॉकने लगेच टबात, पिशवीतलं पाणी जमिनीवर. मग दुसरी. पुढची पाऊण तास-तासभर दर दहा मिनिटांनी एक बादली टबातलं काढा, एक तळ्याचं घाला. मासे कुठल्याही घाण पाण्यात न राहता पीएचला सरावतात. वर जाळी हवीच, टबातून उडी मारण्यात कोई पटाईत.

पिशवीतलं एक थेंब पाणी तळ्यात नको.

---

हापा_वाला

टबातून थेट तळ्यात सोडू नका. एकदा ४ लाख लिटरमध्ये गेले की मासे तुमच्या हातातून गेले. हिशेब मांडा: वर १५ बाय १५, उतार एकास एक, तळ ९ बाय ९, खोली ३, ४४१ घनमीटर, म्हणजे ४ लाख ४१ हजार लिटर. एखाद्याला जखम झाली, बुरशी धरली, तर पकडणार कसं? ओढजाळं टाकलं तर शिशाच्या गोळ्या कागदावर घासतात. औषध घालायचं म्हटलं तर नुसतं ०.३ टक्के मीठ करायला १,३२३ किलो मीठ लागेल, आणि तेच पाणी ठिबकमधून पिकाला. म्हणजे तळ्यात उपचार हा प्रकारच नाही. जे करायचं ते तळ्याच्या आधी.

म्हणून हापा, म्हणजे तळ्यातच ताणून बांधलेली जाळ्याची पेटी. मत्स्यबीजवाल्यांकडे शिवून मिळतो: ३ मीटर लांब, २ रुंद, दीड खोल, बिनगाठीच्या मऊ जाळ्याचा. गाठीचं नायलॉन नको, अंग खरचटतं. बांधावर समोरासमोर खुंट्या ठोकून दोरांनी ताणायचा, खालच्या चार कोपऱ्यांना आतून दोन-दोन लिटरच्या पाणी भरलेल्या बाटल्या, म्हणजे कागदाला धार लागत नाही. वरचा काठ पाण्याच्या फूटभर वर आणि त्यावर झाकणजाळं. बांधापासून दोन-अडीच मीटर आत ठेवा, काठाशी ठेवलात तर मुंगूस आणि मांजर बसून राहतं.

सात मासे यात पंधरा दिवस. पहिले दोन दिवस खाणं नाही. तिसऱ्या दिवशी बुडणारं नको, तरंगणारं खाद्य, चिमूटभर. पाच मिनिटांत संपलं नाही तर काढून टाका. खाणं रोज त्याच कोपऱ्यात, त्याच वेळी, आधी बांधावर पत्र्याचा डबा वाजवून. हे लाडाचं काम नाही. हिरव्या पाण्यात मासा फुटावर दिसत नाही. डब्याच्या आवाजाला सातही वर आले तरच कळतं की सातही आहेत आणि कोण कसा आहे. हापा सोडल्यावरही तीच जागा ठेवा.

या पंधरा दिवसांत बघायचं काय? परांवर लाल शिरा प्रवासाच्या ताणाने येतात, दोन दिवसांत जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही लाली असेल, खवल्याखाली लाल डाग उठला असेल, कापसासारखं काही दिसलं, किंवा मासा एकटाच पर मिटून कोपऱ्यात थांबला, तर त्याला टबात काढायचं. १,००० लिटरच्या टबात ३ किलो खडे मीठ, एकदम नाही, रोज एक किलो. माशाच्या उवा, म्हणजे अंगाला चिकटलेले मसुराएवढे चपटे, पारदर्शक किडे, घरीच निघण्याआधी तपासा. परांच्या मुळाशी आणि गळ्याखाली असतात. मिठाने त्या मरत नाहीत. अंगावर असतील तर आधी पुण्यात उपचार, मग प्रवास. शेततळ्यात उवा नेल्या तर त्या कायमच्या तिथल्या झाल्या.

---

छोटा_हत्ती

यात एक भर. तळ्यात सायप्रिनस (कॉमन कार्प) किंवा दुसरे मासे असते तर मी हापासुद्धा सुचवला नसता, कारण हाप्यात पाणी एकच. तेव्हा वेगळा टब, जुना फिल्टर आणि तीन आठवडे. कोई आणि सायप्रिनस एकाच घरचे; कोई हर्पिस विषाणू दोघांनाही मारतो, रोहू-कटल्याला नाही. शिवाय दोघांची पिल्लं होतात आणि रंग जातो, दोन-तीन विणींत मातकट तपकिरी मासे. मेहुणे पुढच्या वर्षी मत्स्यबीज टाकणार असतील तर सायप्रिनस वगळून घ्या. तुमच्या तळ्यात मासे नाहीत, म्हणून हापा योग्य.

जुन्या फिल्टरचं काय करताय? शेततळ्याला त्याचा उपयोग नाही, ४ लाख लिटरला सात मासे म्हणजे फिल्टर न लागण्याइतकं विरळ. पण आजारी माशाच्या टबाला तो सोन्याचा. बायोबॉल आणि मॅट ओलसर गोणपाटात गुंडाळून न्या. बंद डब्यात पाण्यात बुडवून नेलं तर आतले जिवाणू गुदमरतात आणि डबा उघडल्यावर कुजका वास येतो. वास आला की ते फेकायचं.

---

गच्ची_टाकी

हापा शिवायला टाकतो. मेहुण्यांचा प्रश्न: ठिबकची व्हेंचुरी (पाण्यात खत ओढून मिसळणारा जोड) तळ्याशेजारीच आहे आणि फवारणीचं पाणीही तिथूनच घेतात. बगळे, खंड्या येतात. पावसाळ्यात तळं दोनदा तरी ओसंडतं.

---

हापा_वाला

फवारणी हाच यातला खरा धोका, बगळ्यापेक्षा मोठा. सायपरमेथ्रिन, क्लोरपायरिफॉस यांचा लिटरला काही मायक्रोग्रॅम अंशही माशाला पुरतो. फवारणीचा पंप तळ्यात बुडवून भरायचा नाही, बांधावर धुवायचा नाही, रिकामी बाटली तिथे विसळायची नाही. पाणी बादलीने काढून दहा मीटर लांब नेऊन पंप भरा. व्हेंचुरीच्या आणि तळ्याच्या मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. मोटर बंद पडली की उतारावरचं पाणी उलटं येतं आणि पाइपातलं खत तळ्यात उतरतं. वीज अचानक जाते तेव्हा नेमकं हेच होतं.

सक्शनच्या फूट व्हॉल्व्हभोवती जाळीचा पिंजरा हवा, दीड-दोन फूट व्यासाचा. नुसती जाळी गुंडाळली तर ओढ एका जागी राहते आणि मासा चिकटतो. पिंजरा मोठा असला की ओढ पसरते.

पक्ष्यांचं असं: खंड्या तुमच्या आकाराला हात लावत नाही. पाणकावळा ३० सेंमीचा गिळायला बघतो. राखी बगळा ४५ च्या माशाला गिळू शकत नाही पण भोसकतो, आणि त्या जखमेत जंतू शिरून मासा आठ दिवसांनी जातो. १५ मीटरच्या गाळ्यावर जाळं मध्ये लोंबतं, म्हणून आधी जीआय तारेची चौकट दोन्ही दिशांनी तीन-तीन मीटरवर ताणा आणि त्यावर पक्षी-जाळं. काठावर जाळं जमिनीपर्यंत आणून पुरा, दिवड किंवा विरोळा म्हणतात तो पाणसाप तिथूनच आत येतो. तो बिनविषारी आहे, मारू नका. काठीने बाहेर काढून ओढ्याकडे सोडला तरी पुरे.

---

हिरवं_पाणी

ओसंडण्याचं काम पावसाळ्याच्या आधी करा, जूनमध्ये आठवून उपयोग नाही. काठाच्या दीड फूट खाली ४ इंची ओव्हरफ्लो पाइप, त्याच्या आतल्या तोंडाला मोठी टोपली आणि तिच्यावर ६ मिलिमीटरची जाळी. पाइपच्या तोंडावर सपाट जाळी मारली तर पालापाचोळ्याने एका रात्रीत बुजते आणि पाणी बांधावरून जातं, मासे त्याच्याबरोबर. कोई पुढच्या पावसाळ्यापर्यंत अंडी घालतील, बोटभर पिल्लंही अडली पाहिजेत. बाहेरचं पाणी ओढ्यातून कृष्णेतच जाणार आहे. हा परदेशी कार्प तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, आपल्याकडच्या माशांच्या जागा घेतो. नद्या-धरणांत तो आधीच पोचलाय, ही काही आणखी सोडायची परवानगी नव्हे. मासे जड झाले तर कुणाच्या टाकीत द्या. नदी, तलाव, गावची विहीर नको.

आणि एक गोष्ट माशांची नाही. ओल्या कागदावरून माणूस घसरला तर बाहेर येता येत नाही, पोहता येत असलं तरी. उतारावर पकडायला काहीच नसतं. हापा बांधायच्या आधी चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर वरच्या खुंटीपासून तळापर्यंत सोडून ठेवा, ट्यूब बांधावर असू द्या आणि कुणीही एकटं आत उतरू नका. खाणं टाकायला मुलं येतील, तर कुंपणाला कडी-कुलूप.

---

गच्ची_टाकी

दोर आणि कुंपण आहे. व्हॉल्व्ह नाही, या आठवड्यात बसवतील. शेवटचं: उन्हाळ्यात पाणी किती खाली जाऊ द्यायचं? एप्रिल-मेमध्ये ते तळ गाठतात.

---

हापा_वाला

तळापासून दीड मीटरवर कागदावर रंगाने रेघ मारा. फूट व्हॉल्व्ह त्या रेघेवरच टांगा, म्हणजे मोटर त्याखालचं पाणी ओढूच शकणार नाही. माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडू नका. तळ ९ बाय ९ आणि रेघेवर १२ बाय १२, म्हणजे दीड मीटरला १६६ घनमीटर पाणी उरतं. सात माशांना ते पुष्कळ. मेमध्ये वरचं पाणी ३२-३३ अंशांवर गेलं तर खाणं सकाळी एकदाच, आणि ढगाळ, वारा पडलेल्या दिवशी अजिबात नाही. मासे पहाटे तोंडं वर करून हवा घेताना दिसले तर विहिरीची मोटर लावून पाणी पत्र्यावर पाडा. वीज नसेल तर डिझेल पंपाने तळ्याचंच पाणी वरून उंच फवारून परत तळ्यात टाका. सक्शन वरच्या दोन फुटांतच ठेवायचं, तळातलं काळं पाणी वर आणलंत तर उरलेला ऑक्सिजनही जाईल.